गोळी न घेता एचआयव्ही दाबून धरणारी माणसं : आमच्या अक्का आणि टँकरवरचे दादा

निशिगंध

मंडळी, हा धागा लांबणार आहे. सवडीने वाचा.

मी सोलापूर जिल्ह्यात एचआयव्हीची समुपदेशक म्हणून बारा वर्षं काम केलं. ते काम आता सोडलंय, माणसं मात्र सुटली नाहीत. ज्या अक्कांबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतली आहे. सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला, दोन ठिकाणी "हे नको गं" म्हणाल्या, ते काढलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दुसरे टँकरवरचे दादा. ते तर "लिहाच ताई" म्हणून मागेच लागले होते.

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. बिड्या वळतात. नवरा यंत्रमागावर रात्रपाळी करायचा. २००८ मध्ये त्याचा खोकला जाईना, टीबी निघाला, मग रक्त तपासलं तेव्हा एचआयव्ही. फार उशीर झाला होता, तीन महिन्यांत गेला. पाठोपाठ अक्कांची तपासणी झाली, तिन्ही किटवर पॉझिटिव्ह. मुलगी निगेटिव्ह आली तेव्हा अक्का पहिल्यांदा रडल्या.

त्यांचा पहिला सीडी४ आला ८६०. या पेशी म्हणजे शरीराच्या बचावफळीतले मुकादम, निरोगी माणसात साधारण ५०० ते १५०० असतात आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच खातो. त्या वेळी गोळ्या सरसकट सुरू होत नसत, सीडी४ ठरावीक आकड्याखाली उतरला की मगच. म्हणून अक्का नुसत्या नोंदणीत राहिल्या. दर सहा महिन्यांनी यायच्या, रक्त द्यायच्या, जायच्या. माझ्यासमोरच्या रजिस्टरात बाकीच्यांचे आकडे जिन्याच्या पायऱ्या उतरावेत तसे उतरत होते. अक्कांचे असे : ८६०, ७९०, ९१०, ८३०. वर्षामागून वर्षं गेली.

२०१७ मध्ये नियम बदलला. सीडी४ कितीही असो, पॉझिटिव्ह असेल त्या प्रत्येकाला लगेच उपचार. अक्कांना बोलावलं तर त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं काही झालं नाही, आता कशाला गोळी?" डॉक्टरांना आधी शंका आली की मूळचा रिपोर्टच चुकीचा असेल. पुन्हा तिन्ही चाचण्या केल्या, तिन्ही पॉझिटिव्ह. मग व्हायरल लोड केला, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष विषाणू किती आहे त्याची मोजणी. उत्तर आलं, सापडला नाही. काही महिन्यांनी परत केला. परत नाही.

तो दुसरा रिपोर्ट घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दुपारचे तीन वाजले असतील. मांडीवर सूप, तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री सरसर फिरत होती. मी म्हटलं, "अक्का, रक्तात विषाणू सापडतच नाही." कात्री थांबली.

"म्हणजे गेला?"

"गेला नाही. आहे. पण तुमच्या शरीराने त्याला दाबून धरलंय. गोळीशिवाय."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग खाली बघत म्हणाल्या, "मग ह्यांच्या अंगानं का नाही धरलं?" आणि परत पान कापायला लागल्या.

मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नापायी मी पुढे बरंच वाचलं, डॉक्टरांना छळलं. ते सगळं इथे बोलूच. पण त्याआधी दादांचं सांगायला हवं, कारण हा धागा त्यांच्यासाठी आहे.

अक्कांची गोष्ट मी एका बैठकीत नाव न घेता सांगितली होती. आपल्या लोकांना धीर यावा एवढाच हेतू. दादा त्या बैठकीत होते. चार वर्षं नेमाने गोळ्या घेत होते, तब्येत उत्तम, व्हायरल लोड सापडत नव्हता. त्यांनी हिशोब केला : त्या बाईच्या रिपोर्टवर जे लिहिलंय तेच माझ्या रिपोर्टवर, म्हणजे मीही तसलाच. गोळ्या बंद केल्या. घरीसुद्धा सांगितलं नाही. सातव्या महिन्यात भावाने रिक्षातून आणलं. वजन ६१ वरून ४७, मानेला गाठ, रोज संध्याकाळी ताप. टीबी. सीडी४ १४० वर आलेला.

वाचले. टीबीचा कोर्स पूर्ण केला, एचआयव्हीच्या गोळ्या परत सुरू झाल्या, आज टँकरवर आहेत. पण ते सहा महिने त्यांच्या बायकोने कसे काढले ते मी पाहिलंय. गोष्टीचा अर्धा भाग मी सांगितला आणि अर्धा राहून गेला, तो राहिलेला अर्धा आज लिहितेय. दोघांच्या रिपोर्टवर ओळ एकच होती. अक्कांची ओळ त्यांच्या शरीराने लिहिली होती, दादांची गोळीने. गोळी थांबली की दादांच्यासारख्या जवळपास सगळ्यांमध्ये विषाणू काही आठवड्यांत परत डोकं काढतो, आणि आधी काहीच जाणवत नाही. ना दुखत, ना खुपत.

---

कडक_भाकरी

ताई, वाचून अंगावर काटा आला. अशी माणसं किती असतात? आणि आपण तसले आहोत की नाही हे कळायचं कसं?

---

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, मला माहीत आहे तेवढं लिहितो.

अशा लोकांना 'एलिट कंट्रोलर' म्हणतात. उपचार न घेता व्हायरल लोड एक मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली टिकून राहणं ही ढोबळ व्याख्या. प्रमाण शंभरात एकाहूनही कमी. त्यांच्या शेजारचा एक मोठा गट आहे, वर्षानुवर्षं सीडी४ न ढासळणाऱ्यांचा. त्यांच्यात विषाणू थोडाफार दिसतो, पण आजार पुढे सरकत नाही. काही माणसं दोन्ही गटांत मोडतात.

कडक_भाकरी, तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. गोळ्या सुरू असलेल्या माणसाला आपण 'तसले' आहोत का हे रिपोर्टवरून कळूच शकत नाही, कारण गोळी काम करतेय की शरीर हे त्या आकड्यात दिसत नाही. गोळी थांबवून बघू म्हणणं म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णवांहून जास्त लोकांनी स्वतःला आजारी पाडून घेणं.

अक्कांच्या प्रश्नाकडे येतो. दोन शक्यता असतात : विषाणू दुबळा, नाहीतर माणूस वेगळा.

दुबळ्या विषाणूचं प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचं. एका रक्तदात्याकडून काही जणांना रक्तातून एचआयव्ही गेला, तरी बरीच वर्षं ते ठणठणीत. १९९५ मध्ये कळलं की त्या विषाणूच्या 'नेफ' नावाच्या जनुकाचा तुकडाच गळून गेलेला होता. तरीही पुढे त्यातल्या काहींची प्रतिकारशक्ती हळूहळू घसरलीच.

अक्कांना मात्र विषाणू नवऱ्याकडूनच आला, आणि त्याच विषाणूने नवऱ्याचा जीव घेतला. म्हणजे विषाणू दुबळा नव्हता. फरक बहुधा अक्कांच्यात आहे.

तो फरक कुठे असतो हे २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात पुढे आलं. बॉस्टनच्या ब्रूस वॉकर यांच्या पुढाकाराने जवळपास हजार नियंत्रकांची, म्हणजे गोळीशिवाय विषाणू आवरणाऱ्यांची, जनुकं अडीच हजारांहून जास्त सर्वसाधारण रुग्णांशी ताडून पाहिली गेली. अख्ख्या जनुकसंचात ठळक फरक एकाच भागात सापडला, सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांत. आपल्या पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने सतत पृष्ठभागावर मांडून ठेवतात. एचएलए म्हणजे तो मांडायचा ट्रे. मारेकरी टी पेशी तो ट्रे तपासतात, परका तुकडा दिसला की पेशीच संपवतात. एचएलए-बी५७ आणि बी२७ हे त्यातले दोन प्रकार नियंत्रकांमध्ये खूप जास्त आढळतात, कारण हे ट्रे विषाणूच्या नेमक्या नाजूक जागेचे तुकडे मांडतात.

---

मागवाला

नाजूक जागा म्हणजे? जरा आमच्या भाषेत सांगा सर.

---

सूक्ष्मदर्शी

तुमच्याच भाषेत. एचआयव्ही सतत रूप बदलतो. टी पेशींनी एक खूण ओळखली की तो ती खूण बदलून निसटतो. चादरीच्या बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, रंग बदलण्यासारखं, एक धागा लाल होता तो हिरवा केला, चादर निघतेच. पण विषाणूच्या कवचात काही जागा ताण्यासारख्या, म्हणजे उभ्या धाग्यांसारख्या असतात. तिथे हात घातला तर कवचच नीट बांधलं जात नाही. बी५७ टी पेशींना नेमक्या त्या जागा दाखवतो. विषाणू निसटायला गेला तर स्वतः लुळा होतो, नाही गेला तर पकडला जातो.

---

मागवाला

समजलं. ताणा तुटला की माग बंद. आमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं, तुटलेली तार शोधायची.

मग सर, माग बंद पडला तर विषाणू संपतच का नाही? ताई म्हणाल्या "गेला नाही, आहे".

---

सूक्ष्मदर्शी

कारण तो आपली प्रत आपल्या पेशीच्या डीएनएत शिवून ठेवतो. गोळ्या नवीन प्रती तयार होऊ देत नाहीत, शिवलेली जुनी प्रत उसवता येत नाही. म्हणून गोळी थांबली की तिथून परत सुरू.

इथे तुमचं जेकार्ड उपयोगाला येतं. चादरीवरचा मोर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांवर असतो ना? कार्डांची माळ मागावर चढवली तर मोर विणला जातो. तीच माळ माळ्यावर ट्रंकेत पडून राहिली तर मोर कागदोपत्री आहे, पण चादरीवर कधीच उतरत नाही. २०२० मध्ये 'नेचर' मध्ये अभ्यास आला, ६४ एलिट कंट्रोलर लोकांचा. त्यांच्यातल्या शिल्लक अखंड प्रती बऱ्याचदा डीएनएच्या ओसाड भागात सापडल्या, जिथलं पेशी वाचतच नाही. माळ्यावरची ट्रंक. असं मानतात की चालू भागात बसलेल्या प्रतींच्या पेशी टी पेशींनी वर्षानुवर्षं वेचून मारल्या, आणि उरल्या त्या अशा अडगळीतल्या.

त्याच अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्ग होत्या. १९९२ मध्ये पॉझिटिव्ह. त्यांच्या दीडशे कोटींहून जास्त पेशी तपासल्या, अखंड विषाणूची एकही प्रत मिळाली नाही. पुढच्या वर्षी अर्जेंटिनातल्या एस्पेरांझा गावच्या एका तरुण आईबद्दल तेच जाहीर झालं. रक्तातल्या ११९ कोटी पेशी आणि बाळंतपणानंतरच्या वारेतल्या ५० कोटी पेशी तपासल्या, काही नाही. बाळही निगेटिव्ह. शरीराने स्वतःच विषाणू निपटून काढला असावा, अशी ही जगातली मोजकी उदाहरणं. म्हणून तर संशोधक या लोकांच्या मागे आहेत : शरीर जे आपणहून करतं ते औषधाने किंवा लशीने बाकीच्यांमध्ये करवून घेता येईल का.

---

हुरडा

थोडं वेगळं विचारतो. माझ्या धाकट्या भावाला कमरेचा-पाठीचा त्रास आहे, सकाळी उठता येत नाही. डॉक्टरांनी एचएलए-बी२७ तपासायला सांगितलं, पॉझिटिव्ह आलं. म्हणजे त्याला एचआयव्ही होणार नाही?

---

सूक्ष्मदर्शी

होऊ शकतो. बी२७ लागण थांबवत नाही, लागण झाल्यावर काहींच्यात आजार सावकाश पुढे सरकतो, एवढंच. बी२७ किंवा बी५७ असलेल्या अनेकांना विषाणू आवरत नाही, आणि आवरणाऱ्या कित्येकांकडे हे दोन्ही नसतात. तुमच्या भावाच्या पाठीच्या दुखण्याशी मात्र बी२७ चा संबंध पक्का आहे. त्याचे उपचार वेळेत करा, मणके आखडू देऊ नका.

---

अवंती

ज्यांना लागणच होत नाही असे लोक पण असतात ना? बर्लिनच्या माणसाचं वाचलं होतं.

---

सूक्ष्मदर्शी

तो वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. विषाणूला पेशीत शिरायला सीसीआर५ नावाची कडी लागते. उत्तर युरोपीय वंशाच्या साधारण एक टक्का लोकांत दोन्ही पालकांकडून बिघडलेली कडी आलेली असते, त्यांना एचआयव्हीचा नेहमीचा प्रकार सहसा लागत नाही. बर्लिनच्या टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताचा कर्करोग झाला होता, २००७ मध्ये अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या आणि एचआयव्ही गेला. २०२० मध्ये ते कर्करोगाने वारले, एचआयव्हीने नाही. आपल्याकडे हा बदल फार दुर्मिळ.

---

रानवाटा

माझ्या मामांना तर तालुक्याच्या एका वैदूच्या काढ्याने फरक पडला. दहा वर्षं झाली, गोळी नाही. सगळं इंग्रजी औषधाच्याच हिशोबाने बघू नये.

---

निशिगंध

रानवाटा, तुमच्या मामांना उदंड आयुष्य मिळो, हे मनापासून. पण एक विचारू? काढा सुरू करायच्या आधी त्यांचा व्हायरल लोड केला होता का? अक्कांकडेही असाच एक जण येऊन गेला. त्यांची प्रकृती बघून "माझ्या औषधाचा गुण" म्हणून चार गल्ल्यांत सांगत फिरला. अक्कांनी त्याचा एक थेंब घेतला नव्हता. शंभर जणांना काढा दिला तर त्यात एखादा आपोआप तगणारा निघतोच, आणि नाव त्याचंच होतं. बाकीच्यांचं काय झालं ते सांगायला कोणी येत नाही. ते माझ्या रजिस्टरात होते.

एड्स बरा करतो असा दावा कुठल्याही औषधावर करायला कायद्याने मनाई आहे. औषध नियमावलीच्या अनुसूची जे मध्ये तसं स्पष्ट आहे. मामांना एकदा एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सरकारी केंद्रात, घेऊन या. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. ते खरंच अक्कांसारखे असतील तर तेही तिथेच कळेल.

---

तिसरी_पाळी

मी पॉझिटिव्ह आहे. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

चौदा वर्षं गोळी घेतोय. पूर्वी दिवसातून दोनदा होती, आता रात्री एक. अशा माणसांच्या गोष्टी वाचल्या की काय वाटतं सांगू? वाटतं, माझ्याच अंगाला का जमलं नाही. अक्का नवऱ्याबद्दल विचारतात तेच मी स्वतःबद्दल विचारतो. आज ते कडीचं आणि ट्रेचं वाचून थोडं हलकं वाटलं. माझी काही चूक नाही, माझ्याकडे तो ट्रे नाही.

दोन वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन होतं. एका खासगी दवाखान्यात मी खरं सांगितलं, तर कॉटवरून उठवून "मोठ्या हॉस्पिटलला जा" म्हणाले. सलाईन लावलेल्या हाताने मी कपडे घातले. तेव्हा वाटलं होतं, रिपोर्टवर 'सापडला नाही' लिहिलंय तर सांगायचंच कशाला, घ्यायचीच कशाला. दादांनी गोळी का सोडली असेल ते मला समजतं ताई. दरवेळी डब्याचं झाकण उघडलं की ते आठवतं. आपण तसले असतो तर डबा लपवावा लागला नसता.

पण सोडली नाही.

---

निशिगंध

तिसरी_पाळी, तुम्ही लिहिलंत याबद्दल काय म्हणू. ते ऑपरेशन झालं का? नसेल तर मला निरोप करा, मी येते बरोबर. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं त्यात बेकायदा ठरवलंय. आणि दोन दादांचं, तुमचं आणि टँकरवाल्यांचं, बोलणं व्हायला हवं. त्यांनाही डबा लपवावा लागत होता, क्लीनरपासून.

आणखी एक, तुम्हाला माहीत असेलच, पण वाचणाऱ्यांसाठी : गोळी नेमाने घेऊन ज्यांचा व्हायरल लोड सापडेनासा होऊन टिकलाय, त्यांच्याकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही. ही कमाई अक्कांच्या कमाईपेक्षा तसूभर कमी नाही. रोज रात्री केलेली आहे.

---

कडक_भाकरी

मग अक्का आता गोळी घेतात की नाही?

---

निशिगंध

घेतात. २०१८ पासून.

यावर डॉक्टरांतही दोन मतं होती. विषाणू दिसत नाही तर कशाला, असं एक. दुसरं असं की न दिसणारा विषाणूही शरीराला स्वस्थ बसू देत नाही. एलिट कंट्रोलर लोकांच्या रक्तात दाहाच्या खुणा निरोगी माणसापेक्षा जास्त सापडतात. अमेरिकेत एका अभ्यासात तर गोळ्यांवर विषाणू आटोक्यात असलेल्यांपेक्षा या लोकांना इस्पितळात जास्त वेळा दाखल व्हावं लागलेलं दिसलं, हृदयाच्या तक्रारींसाठी विशेष. शिवाय ताबा कायमचा असतोच असं नाही, काहींचा दहा-पंधरा वर्षांनी सुटतो. अक्का दिवसाला हजार बिड्या वळतात, तंबाखूची धूळ नाकातोंडात जातेच. डॉक्टर म्हणाले, हृदयावर आणि फुप्फुसावर आधीच भार आहे, आणखी एक नको.

अक्कांनी आठ दिवस विचार केला. मग येऊन म्हणाल्या, "मुलीचं लग्न व्हायचंय. दे."

---

अवंती

त्यांच्या रक्ताचा अभ्यास कोणी केला का?

---

निशिगंध

आता तेच चाललंय. पुण्यातल्या एका अभ्यासासाठी त्यांचा नमुना हवा आहे. भारतात एचआयव्हीचा सी उपप्रकार मुख्य आहे, आणि बाहेरचा पुष्कळसा अभ्यास बी उपप्रकाराचा. त्यामुळे आपल्याकडच्या अक्कांसारख्यांना फार मोल आहे. मी काल संध्याकाळी सांगायला गेले. आधी नाही म्हणाल्या. पुण्याला जायचं म्हणजे दिवसाच्या हजार बिड्या बुडतात, आणि शेजारणी विचारतील कुठे गेलीस.

मग हात पुसून म्हणाल्या, "त्यांना रक्त बघून ह्यांचं कळंल का? का नाही धरलं ते?"

मी म्हटलं, ह्यांचं रक्त आता नाही अक्का, पण दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याचं कळेल कदाचित.

शेजारणींना सांगायला नणंदेकडची वास्तुशांत ठरली आहे. शुक्रवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने दोघी जातोय. तिकिटं काढलीत. बुडालेल्या रोजाचं त्या अभ्यासवाल्यांशी बोलले आहे, देतो म्हणालेत. आल्यावर लिहिते.